212 लेख आणि एक अडकलेला पंप: वेबसाइटच्या मजकूर-दुरुस्तीचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण घरगुती उपकरणांचे सुटे भाग विकणाऱ्या आणि दुरुस्तीही करून देणाऱ्या एका कंपनीचे आहे. तिच्या वेबसाइटवर एकीकडे सुट्या भागांची पाने होती आणि दुसरीकडे वॉशिंग मशीनच्या बिघाडांवरचे लेख. लेखांमागचा विचार साधा होता. ज्याचे मशीन अडले आहे तो माणूस गूगलवर शोधेल, लेख वाचेल, जमले तर स्वतः दुरुस्त करेल, नाही जमले तर भाग मागवेल किंवा तंत्रज्ञाला बोलावेल. तीन वर्षांत असे 212 लेख साठले.

लेख तयार होण्याची पद्धत अशी होती: कीवर्डच्या, म्हणजे लोक गूगलवर टाकतात त्या शोधशब्दांच्या, टूलमधून यादी काढायची आणि यादीतल्या प्रत्येक ओळीवर एक लेख लिहून घ्यायचा. लिहिणारे बाहेरचे होते, मोबदला शब्दांवर होता आणि किमान 1,500 शब्दांची अट होती. लेखक गूगलच्या पहिल्या पानावरचे पाच-सहा लेख वाचत आणि त्यांतून सातवा बेतत. संपादक शुद्धलेखन बघत आणि कीवर्ड शीर्षकात, पहिल्या परिच्छेदात व दोन उपशीर्षकांत आला की नाही ते तपासत. दुरुस्ती विभागातल्या चार तंत्रज्ञांना यातला एकही लेख दाखवला गेला नव्हता. रोज मशीन उघडणारी माणसे त्याच इमारतीत, एक मजला खाली बसत होती. पुढे जे घडले त्याचे मूळ या एका मजल्याच्या अंतरात आहे.

अडचण

5 मार्च 2024 रोजी गूगलचे कोअर अपडेट, म्हणजे शोधनिकालांची क्रमवारी ठरवणाऱ्या पद्धतीतला मोठा बदल, सुरू झाले, ते 19 एप्रिलला पूर्ण झाले. त्या दीड महिन्यात लेखांवर येणारे वाचक झपाट्याने घटले. सुट्या भागांची पाने मात्र जवळपास जागच्या जागी राहिली. हा फरक फार बोलका होता, पण घसरणीच्या धास्तीत तो कोणाच्या नजरेत भरला नाही.

अपडेट अजून चालू असतानाच मार्केटिंगच्या चमूने दोन गोष्टी केल्या. सगळ्या लेखांवरची तारीख बदलून त्या आठवड्याची टाकली. आणि 60 लेखांना जनरेटिव्ह (मजकूर आपोआप लिहिणाऱ्या एआय) टूलकडून प्रत्येकी सुमारे 300 शब्दांची भर घालून घेतली. तारीख बदलून मजकूर ताजा भासवणे हे गूगलने आपल्या मार्गदर्शनात उघडपणे नोंदवलेले वाईट लक्षण आहे. लेखांना ठरावीक शब्दसंख्या लागते हा समजही त्याच मार्गदर्शनात खोडून काढला आहे. त्यामुळे या दोन्ही गोष्टींचा फायदा होण्यासारखे काहीच नव्हते.

नुकसान मात्र होण्यासारखे होते. ड्रमला येणाऱ्या वासावरच्या लेखात जोडलेला नवा परिच्छेद व्हिनेगर आणि ब्लीच एकत्र टाकून मशीन चालवायला सांगत होता. ब्लीचमध्ये आम्ल मिसळले की क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो. एका तंत्रज्ञाने हा परिच्छेद निव्वळ योगायोगाने वाचला आणि तासाभरात तो काढायला लावला. मजकूर टूलने लिहिला याला गूगलची मुळात हरकत नाही. फेब्रुवारी 2023 पासून त्यांची भूमिका तशी स्पष्ट आहे. इथला दोष असा की लिहिलेले वाचणारा जाणता माणूस साखळीत कुठेच नव्हता. त्या दिवशी प्रश्न क्लिकांचा राहिला नाही, वाचकाच्या सुरक्षिततेचा झाला. सगळे काम थांबवून नीट तपासणी करायचे ठरले, ते त्यामुळेच.

अपडेट संपल्यावर एक पूर्ण आठवडा जाऊ दिला आणि मग आधीचा व नंतरचा काळ समोरासमोर ठेवला. तांत्रिक कारणे आधी बाजूला काढली. सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे साइटच्या मालकांसाठीच्या गूगलच्या टूलमध्ये, मॅन्युअल ॲक्शन (गूगलच्या माणसाने केलेली कारवाई) नव्हती, गूगलने काय वाचावे हे सांगणारी रोबॉट्स फाइल जुनीच होती, कुठल्या पानावर चुकून नोइंडेक्स (शोधनिकालांत घेऊ नका अशी खूण) लागलेले नव्हते आणि सर्व्हर वेळेवर उत्तर देत होता. अडचण मजकुरातच होती आणि ती तीन प्रकारची निघाली.

पहिला प्रकार एकाच प्रश्नावर अनेक लेख. ‘मशीनमधून पाणी जात नाही’ या एका तक्रारीवर सहा लेख होते. त्यांतले दोन तर केवळ ‘मशीन’ आणि ‘मशिन’ अशा दोन लेखनांसाठी वेगवेगळे केले होते. सर्च कन्सोलमध्ये तोच शोध निवडून ‘पेजेस’चा टॅब उघडला की सहाही पत्ते यायचे आणि दर आठवड्याला वेगळाच पत्ता वर दिसायचा. आपलीच पाने एकमेकांच्या वाटेत उभी होती.

दुसरा प्रकार ‘क्रॉल्ड – करंटली नॉट इंडेक्स्ड’ या यादीतला. गूगल पान वाचून गेला आहे, पण त्याने ते साठवून घेतलेले नाही, असा त्या नोंदीचा अर्थ. ही यादी अपडेटच्या कित्येक महिने आधीपासून वाढत होती.

तिसरा प्रकार आकड्यांत दिसत नव्हता, तो फक्त वाचून कळत होता. लेख बरोबर असले तरी कोणाच्या उपयोगाचे नव्हते.

समोरचे पर्याय

चार पर्यायांवर चर्चा झाली. पहिला, पुढच्या अपडेटची वाट बघायची. दुसरा, वर्षभरात क्लिक न मिळालेली सगळी पाने एका झटक्यात काढून टाकायची. दोन्ही पटकन बाद झाले. पहिल्यात चुकीचा मजकूर वाचकांसमोर तसाच राहिला असता. दुसऱ्यात क्लिक हाच एकमेव निकष झाला असता, आणि क्वचित येणाऱ्या बिघाडावरचे, पण अचूक लिहिलेले पानही त्यात गेले असते. शिवाय जुनी पाने काढली की साइट ताजी ठरते आणि वर येते, ही समजूत गूगलने स्वतःच नाकारली आहे.

तिसरा पर्याय सगळे लेख टूलकडून नव्याने लिहून घ्यायचा. त्याला पाठिंबा बराच होता, कारण खर्च कमी आणि काम दोन आठवड्यांत उरकणारे. पण मार्च 2024 मध्येच गूगलने स्पॅमच्या धोरणात एक नवा नियम घातला होता: वाचकाला काही न देता केवळ क्रमवारीसाठी घाऊक मजकूर तयार करणे हा गैरवापर धरला जाईल, मग तो माणसाने लिहिलेला असो वा यंत्राने. ऑगस्ट 2022 मध्ये सुरू झालेली, वाचकाला उपयोगी मजकूर ओळखणारी ‘हेल्पफुल कंटेंट’ यंत्रणाही याच अपडेटमध्ये मुख्य क्रमवारीत मिसळून टाकली होती. म्हणजे ज्या पद्धतीने साइट खाली आली, तीच पद्धत जास्त वेगाने वापरण्याचा हा प्रस्ताव होता.

चौथा पर्याय निवडला: प्रत्येक लेख वाचायचा, एका प्रश्नावर एकच पान ठेवायचे आणि ते तंत्रज्ञाच्या माहितीवर उभे करायचे. हिशेब असा मांडला की एका लेखाला 15 मिनिटे धरली तर 212 लेखांना 53 तास लागतील, तेही संपादक आणि तंत्रज्ञ अशा दोघांचे. दुरुस्ती विभागाची नाराजी रास्त होती, कारण तंत्रज्ञाचा तास म्हणजे एक अडलेली दुरुस्ती. शेवटी रोज दुपारी दोन तास आणि आठवड्यातून चार दिवस, यावर तडजोड झाली.

प्रत्यक्ष काम: वाचन आणि वर्गवारी

तक्त्यात रकाने थोडेच होते: पत्ता, हे पान कोणत्या एका प्रश्नाचे उत्तर देते, 16 महिन्यांतले इम्प्रेशन (पान शोधनिकालांत किती वेळा दिसले) आणि क्लिक, बाहेरून आलेल्या लिंक, आणि ‘वाचून झाल्यावर माणूस काय करू शकतो?’ सर्च कन्सोल 16 महिन्यांपलीकडचे आकडे ठेवत नाही, म्हणून ते पहिल्याच दिवशी उतरवून घेतले. शेवटच्या रकान्याने सगळ्यात जास्त काम केले. तिथे एक क्रियापद तरी लिहायचे, अशी अट होती: तपासतो, उघडतो, मोजतो, मागवतो, थांबतो. क्रियापद सापडले नाही तर तो लेख तसाच राहणार नाही, हे ठरलेले.

वर्गवारी अशी झाली. 41 लेख जवळपास जसेच्या तसे राहिले. 96 लेख एकत्र करून त्यांची 23 पाने झाली. 30 नव्याने लिहायचे ठरले. 45 काढायचे ठरले. त्यांत ऋतूनुसार कपडे कसे धुवावेत अशा, या कंपनीशी काही संबंध नसलेल्या विषयांचा भरणा होता. 212 ची अखेर 94 पाने राहणार होती.

माहिती काढून घेण्याची रीत

तंत्रज्ञांना ‘लेख लिहून द्या’ असे सांगून पाहिले. आठवडाभरात दोन परिच्छेद आले, तेही पुस्तकी भाषेत. मग पद्धत बदलली. मशीन उघडून समोर ठेवायचे, फोनवर रेकॉर्डिंग लावायचे आणि 40 मिनिटे बोलायचे. संपादक ठरलेले प्रश्न विचारायचा: ग्राहक फोनवर पहिले वाक्य काय बोलतो? तुम्ही सगळ्यात आधी काय बघता आणि तेच का? लोक स्वतः करायला जातात तेव्हा कुठे चुकतात? कोणत्या टप्प्याला त्यांनी हात लावू नये? लेख संपादक लिहायचा, तंत्रज्ञ पुन्हा वाचायचा आणि तपासल्याची तारीख व त्याचे नाव पानावर यायचे.

पहिल्याच बैठकीत फोनवरचे ते पहिले वाक्य मिळाले: ‘मशीन गूं गूं करतंय, पण पाणी जात नाही.’ कीवर्डच्या यादीत हे कुठेही नव्हते. सर्च कन्सोलच्या शोधांमध्ये मात्र ‘आवाज येतो पाणी जात नाही’ अशा धाटणीची वाक्ये महिनोन्महिने पडून होती. आवाज येणे आणि न येणे, निदानाची वाट तिथेच फुटते. गूं गूं येत असेल तर पंपाला वीज मिळते आहे आणि बहुधा पंखा अडकला आहे. आवाजच नसेल तर पंपाची कॉइल, वायरिंग किंवा कंट्रोल बोर्ड यांच्याकडे वळावे लागते, आणि ते घरी करायचे काम नव्हे. सहा लेखांत मिळून सुमारे 9,000 शब्द होते, पण हा भेद एकातही नव्हता.

एक पान जवळून

जुन्या लेखाचे शीर्षक होते, ‘वॉशिंग मशीनमधून पाणी जात नाही? जाणून घ्या 15 कारणे आणि सोपे उपाय’. सुरुवात ‘आजच्या धावपळीच्या जीवनात’ने. फिल्टर हा शब्द पहिल्यांदा नवव्या परिच्छेदात येत होता. वाचक मात्र हातात फोन आणि समोर पाण्याने भरलेला ड्रम अशा अवस्थेत उभा असतो.

नव्या पानाचे शीर्षक ठेवले, ‘वॉशिंग मशीनमधून पाणी जात नाही: नळी, फिल्टर आणि पंप तपासण्याचा क्रम’. पहिली ओळ प्लग काढायला सांगते. दुसरी सांगते की धुलाई गरम पाण्याची असेल तर आतले पाणी निवेपर्यंत फिल्टरला हात लावू नका, भाजेल. मग क्रम येतो. निचऱ्याची नळी मागे दुमडली किंवा दबली आहे का? तिचे टोक फार उंच बांधले आहे का? फ्रंट लोड मशीनच्या माहितीपुस्तिकांत ही उंची साधारण 60 ते 100 सेंमी दिलेली असते, आपल्या मॉडेलची पाहून घ्यावी. नळी ठीक असेल तर खालच्या कोपऱ्यातल्या झडपेमागचा फिल्टर. खाली बसका ट्रे आणि जुना टॉवेल ठेवायचा. शेजारी बारीक नळी असेल तर आधी तिच्यातून पाणी काढायचे. फिल्टर डावीकडे थोडासाच फिरवायचा, पाणी येऊ द्यायचे, बंद करायचा, ट्रे रिकामा करायचा, पुन्हा फिरवायचा. एकदम काढला तर सगळे पाणी जमिनीवर येते. अनेक टॉप लोड मशीनमध्ये असा फिल्टर बाहेरून मिळतच नाही, हेही तिथेच लिहिले. नाहीतर माणूस तो शोधत बसतो.

फिल्टर निघाला की टॉर्च लावून आतला पंखा पाहायचा. नाणे, केसांची पिन, बटण, लहान मुलाचा मोजा, असे काहीतरी सापडते. ते काढून पंखा पेन्सिलीने फिरवून बघायचा. इथे तंत्रज्ञाने सांगितलेली एक गोष्ट पानात ठळक केली: पंखा सलग फिरत नाही, अडखळत, झटके देत फिरतो. आतल्या चुंबकामुळे तसे होते, तो बिघाड नव्हे. हे ठाऊक नसलेले लोक पंप गेला असे समजून नवा मागवत, तो बसवल्यावरही पाणी न गेल्याने परत पाठवत. खरा अडथळा नळीतच असायचा. परत येणाऱ्या पंपांमागचे हे कारण दुरुस्ती विभागाला कधीपासून माहीत होते. ते वेबसाइटपर्यंत पोचवावे असे कोणाला सुचले नाही, कारण तसा रस्ताच आखलेला नव्हता.

फिल्टर परत बसवताना रबरी कडे नीट बसले आहे का ते पाहायचे आणि फक्त निचऱ्याचा कार्यक्रम लावून गळती बघायची, इथे पान संपते. एकूण 900 शब्दांच्या आत. फोटो तंत्रज्ञाने फोनवरच काढले: भरलेला फिल्टर, साफ फिल्टर आणि पंख्यात अडकलेले नाणे. प्रत्येक फोटोच्या पर्यायी मजकुरात (फोटो दिसत नसेल तेव्हा वाचल्या जाणाऱ्या ओळीत) फोटोत दिसते तेच लिहिले. पंपाच्या पानाकडे जाणारी लिंक पूर्वी ‘येथे क्लिक करा’ या शब्दांवर होती, ती आता भागाच्या नावावर आहे.

पानांची तांत्रिक बाजू

एकत्र केलेल्या लेखांचे जुने पत्ते 301 रीडायरेक्टने, म्हणजे ‘पान कायमचे हलले’ या संकेताने, नव्या पानाकडे वळवले. कायमचे काढलेल्या पानांना 410, म्हणजे ‘पान आता नाही’ हा संकेत, दिला. त्यांतल्या ज्यांना बाहेरून लिंक होत्या तेवढे जवळच्या विषयाकडे वळवले. ‘हाउ टू’ (कृतीच्या पायऱ्या) आणि प्रश्नोत्तरांचे स्कीमा मार्कअप, म्हणजे पानात काय आहे हे गूगलला सांगणाऱ्या कोडमधल्या खुणा, लावायचा आग्रह एका सल्लागाराचा होता. चमूने तो मानला नाही. गूगलने ऑगस्ट 2023 पासून प्रश्नोत्तरांचे खास निकाल मोजक्या अधिकृत सरकारी आणि आरोग्यविषयक साइटपुरते ठेवले आणि ‘हाउ टू’चे पुढच्या महिन्यापर्यंत पूर्ण बंद केले. हा वेळ वाचला तो फोटो हलके करण्यात गेला, कारण पानावरचा मोठा फोटो उघडायला अडीच सेकंदांहून जास्त लागत होते.

परिणाम

काम मे ते ऑगस्ट 2024 चालले. पहिला बदल क्रमवारीत दिसला नाही, तो पत्त्यांत दिसला: पाणी न जाण्याच्या शोधांवर सहाऐवजी एकच पान दिसू लागले आणि टिकले. 15 ऑगस्टला सुरू झालेल्या कोअर अपडेटनंतर एकत्र केलेल्या 23 पानांपैकी काही वर सरकली. ठळक सुधारणा नोव्हेंबरच्या अपडेटनंतरची. एकूण क्लिक जुन्या उच्चांकाला पोचले नाहीत. त्याची खंत करण्याचे कारण नव्हते, कारण काढलेल्या 45 लेखांवर येणारे वाचक मशीन दुरुस्त करायला आलेलेच नव्हते.

कंपनीच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचे दोन बदल दुसऱ्याच ठिकाणी नोंदले गेले. पंप परत येणे कमी झाले. आणि फोन करणारे लोक आता ‘आवाज येतो, फिल्टर साफ केला, पंखा झटके देत फिरतो’ एवढे सांगूनच सुरुवात करू लागले; त्यामुळे तंत्रज्ञ योग्य तो भाग सोबत घेऊन निघू लागला.

नव्याने लिहिलेल्या 30 पैकी 7 पाने वर्षअखेरीलाही इंडेक्स झालेली, म्हणजे गूगलने साठवून घेतलेली, नव्हती. त्यांतली चार एरर कोडची होती आणि त्यांत माहितीपुस्तिकेत असते त्यापेक्षा जास्त काही नव्हते. ती का घेतली गेली नाहीत, हे वाचल्यावर समजण्यासारखे आहे.

वेगळे काय करता आले असते

सुट्या भागांची पाने टिकली आणि लेख पडले, हा सुगावा पहिल्याच आठवड्यात वाचायला हवा होता. भागांच्या पानांवर मोजमापे, कोणत्या मॉडेलला चालेल याची यादी आणि खरे फोटो होते. म्हणजे चांगले पान कसे असते याचा नमुना स्वतःच्याच साइटवर होता.

रीडायरेक्ट करताना 11 पत्ते घाईने लेखांच्या मुख्य पानाकडे वळवले गेले. गूगलने ते सॉफ्ट 404, म्हणजे उघडले तरी नसल्यासारखेच पान, धरले, आणि ते बरोबरच होते, कारण पिळण्याच्या आवाजाबद्दल शोधणाऱ्या माणसाला लेखांची यादी देऊन काय होणार? ते दुरुस्त करण्यात तीन आठवडे गेले. चांगल्या चाललेल्या एका पानाचा पत्ताही केवळ सुटसुटीत दिसावा म्हणून बदलला. त्याच्या अंतर्गत लिंक जुन्याच राहिल्या आणि एकामागे एक अशी दोन रीडायरेक्ट लागली. चालू पानाच्या पत्त्याला हात लावायचे काही कारण नव्हते.

एकत्र केलेली 23 पाने एकाच आठवड्यात लावली, हीदेखील चूक. पाच-पाचच्या गटांनी, दोन आठवड्यांचे अंतर ठेवून लावली असती तर शीर्षकाच्या बदलाने काय साधले आणि क्रमाच्या बदलाने काय, हे थोडेफार वेगळे दिसले असते. आता तो हिशेब लावता येत नाही.

तंत्रज्ञाचे दुपारचे दोन तास मात्र बंद केलेले नाहीत. आठवड्यातून चारऐवजी एक दिवस ठेवला आहे. त्या दिवशी आधी फोनची नोंदवही उघडतात आणि ज्या प्रश्नाला वेबसाइटवर पान नाही त्याच्यापुढे खूण करतात. सध्या सर्वांत जास्त खुणा ‘धुऊन झालं तरी दरवाजा उघडत नाही’ या वाक्यापुढे आहेत.